मोठ्या आयटी कंपनीत ट्रान्सफर आणि प्रमोशन कुठे अडकतं आणि कसं सोडवायचं: नवीन जॉइन झालेल्यांसाठी

2016 ला मी हैदराबादला होते आणि मला पुण्याला यायचं होतं. आई इचलकरंजीत एकटी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलेलं, आणि घरी जायचं म्हणजे शुक्रवारी रात्री बसमध्ये बसायचं ते शनिवारी उशिरा पोचायचं आणि रविवारी दुपारी परत बॅग भरायची. मॅनेजरला सांगितलं तर तो लगेच म्हणाला हो हो, नेक्स्ट क्वार्टरला करूया. मग पुढच्या क्वार्टरला पण तेच, त्याच्या पुढच्याला पण तेच, असे 14 महिने गेले आणि मी पुण्यात आले तेव्हा आईचं ऑपरेशन होऊन ती काठी सोडून चालायला पण लागली होती. दवाखान्यात तिच्याजवळ शेजारच्या काकू राहिल्या होत्या. ते मला अजून लागतं.

तो मॅनेजर वाईट माणूस नव्हता, आणि हे कळायला मला बरीच वर्षं गेली. मी अडकले होते त्याच्या एक्सेल शीटमध्ये, आणि त्या शीटमधली माझी ओळ कशी सुटते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आता नोकरीला अकरा-बारा वर्षं झाली, मी स्वतः टीम सांभाळते, दुसऱ्या बाजूनी पण सगळं बघितलंय, म्हणून जे तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितेय. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा बंगलोर-चेन्नईला मोठ्या सर्व्हिस कंपनीत पहिली तीन-चार वर्षं असलेल्यांसाठी हे आहे. बँकेत किंवा फॅक्टरीत नियम वेगळे असतात, तिकडचं मी बोलत नाही.

आधी मॅनेजरचा हिशोब समजून घ्या

सर्व्हिस कंपनीचा धंदा म्हणजे मुख्यतः माणसांचे तास विकणं. समजा क्लायंट तुमच्या सीटसाठी तासाला 20 डॉलर देतोय, महिन्याचे साधारण 160 तास धरले तर 3,200 डॉलर झाले. तुम्ही दुसरीकडे गेलात, मग तुमच्या जागी माणूस शोधा, क्लायंट त्याचा इंटरव्ह्यू घेणार, मग केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, त्याला काम समजावून देणं, या सगळ्यात दोन महिने गेले तर त्या अकाउंटचे, म्हणजे त्या क्लायंटच्या कामाचे, 6,400 डॉलर गेले. आणि मॅनेजरचं स्वतःचं रेटिंग याच आकड्यांवर ठरतं. तुमच्या ट्रान्सफरमधून त्याला काय मिळतं? काहीच नाही. म्हणून जो चांगलं काम करतो तो जास्त अडकतो, आणि ज्याचं काम यथातथा आहे त्याला आठवड्यात रिलीज मिळतो, म्हणजे प्रोजेक्टमधून सोडतात, आणि हे बघून नवीन पोरांचा चांगलं काम करण्यावरचाच विश्वास उडतो.

प्रमोशनचं गणित थोडं वेगळं आहे. क्लायंटबरोबरच्या कराराला रेट कार्ड जोडलेलं असतं, ज्युनियरला इतके, सिनियरला इतके, लीडला इतके. तुमचं प्रमोशन झालं, पगार वाढला, पण क्लायंटनी करारात लीडची एकच जागा धरलीय आणि ती भरलेली आहे, तर तुमच्या सीटचे पैसे तेवढेच राहतात आणि खर्च वाढतो. याला आमच्याकडे पिरॅमिड म्हणतात, खाली रुंद वर निमुळता. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय किंवा प्रोजेक्ट वाढल्याशिवाय त्या प्रोजेक्टला तुमचं प्रमोशन परवडत नाही, मग तुम्ही कितीही रात्री जागा.

म्हणजे तुम्हाला करायचं काय, तर तुमच्या हलण्याचा खर्च कमी करायचा आणि तो कमी केलाय हे दिसेल असं करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी 1: नियम स्वतः वाचा

कंपनीच्या पोर्टलवर ट्रान्सफर पॉलिसी, प्रमोशन पॉलिसी आणि आयजेपी म्हणजे इंटर्नल जॉब पोस्टिंगची पॉलिसी असते. कँटीनमध्ये ऐकलेलं सोडून द्या, पीडीएफ उघडा. बघायचं काय: सध्याच्या प्रोजेक्टवर किमान किती महिने लागतात (बऱ्याच ठिकाणी 12 किंवा 18), रेटिंग किमान किती हवं, आयजेपीला अर्ज करायला मॅनेजरची परवानगी लागते का फक्त सिलेक्शननंतर कळवायचं असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिलेक्ट झाल्यावर किती दिवसांत रिलीज द्यायचा असं लिहिलंय का. हा शेवटचा नियम असतो आणि कुणालाच माहीत नसतो. माझ्या बाबतीत 60 दिवस लिहिलेले होते. मी 14 महिने थांबले.

पायरी 2: सिस्टिममधलं प्रोफाइल दुरुस्त करा

आरएमजी, म्हणजे कोणाला कुठे लावायचं ते ठरवणारी टीम, तुम्हाला ओळखत नाही. ते सिस्टिममध्ये प्रायमरी स्किल, अनुभव आणि लोकेशन टाकून सर्च मारतात आणि जी नावं येतात त्यातून निवडतात. ट्रेनिंगमध्ये तुम्ही जावा शिकलात, मग गरज होती म्हणून मेनफ्रेम सपोर्टला टाकलं, आणि वर्षभरानी कुणीतरी प्रोफाइलमध्ये प्रायमरी स्किल मेनफ्रेम करून टाकलं, की मग जावाच्या एकाही सर्चमध्ये तुमचं नाव येणार नाही, पुढची पाच वर्षं सुद्धा. आजच जाऊन बघा काय लिहिलंय. बदलायला लीडचं अप्रूव्हल लागत असेल तर कंपनीतलं इंटर्नल सर्टिफिकेशन करा आणि त्याचा स्क्रीनशॉट लावून रिक्वेस्ट टाका, नाही म्हणायला कारण उरत नाही. लोकेशन प्रेफरन्सचा रकाना पण असतो, तो बहुतेकांचा रिकामा असतो.

पायरी 3: कॅलेंडर बघून मागा

आपल्या बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. प्रमोशनची नावं अप्रेजलच्या मीटिंगमध्ये येतात असं नवीन लोकांना वाटतं पण खरं तर नॉमिनेशन त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं, बजेट ठरताना. मार्चमध्ये तुम्ही मनापासून सेल्फ अप्रेजल लिहिता तेव्हा मॅनेजरच्या डोक्यात यादी तयार असते. मला प्रमोशन हवंय हे वाक्य सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोललं गेलं पाहिजे. तुमच्या कंपनीचं चक्र वेगळं असेल, काही ठिकाणी जानेवारी ते डिसेंबर असतं, तर त्याच हिशोबानी पाच-सहा महिने आधी.

ट्रान्सफरला उलटं, सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या तोंडावर मागू नका. प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणणं, पार पडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे हीच चांगली वेळ, तेव्हा काम हलकं असतं आणि तुमचं काम सगळ्यांच्या लक्षात ताजं असतं. क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होतंय का तेही विचारून ठेवा, रिन्युअलच्या वेळी टीमची रचना परत ठरते आणि तेव्हा एक नाव हलवणं सोपं जातं.

पायरी 4: तोंड उघडा, आणि मग लिहून पाठवा

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या मुलामुलींचं घोडं इथेच अडतं. घरात आपल्याला शिकवलेलं असतं की काम नीट करावं, वरचे बघतातच, मागणं बरं दिसत नाही. माझे वडील सूतगिरणीत होते, 28 वर्षांत त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही आणि याचा आम्हाला अभिमान होता. पण 300 माणसांच्या अकाउंटमध्ये डिलिव्हरी मॅनेजर तुम्हाला बघत नाही हो, त्याला तुमचं नाव सुद्धा शीटमधून कळतं. सांगली-लातूर-जळगावकडून आलेली, मराठी शाळेतून शिकलेली हुशार पोरं मी बघते, कोड अप्रतिम, आणि इंग्रजीत बोलायचं म्हणून मॅनेजरबरोबरच्या वन-ऑन-वनमध्ये ऑल गुड म्हणून दहा मिनिटांत बाहेर येतात. तसं करू नका. इंग्रजी अडत असेल तर चार वाक्यं आदल्या रात्री लिहून काढा आणि बघून वाचा, कोणी काही म्हणत नाही.

काय बोलायचं? तक्रारीच्या सुरात नको. मला अमुक महिन्यापर्यंत पुण्याला जायचंय, कारण हे आहे, माझं काम उचलायला अमुक माणूस तयार होऊ शकतो, त्याला तयार करायला मला इतके आठवडे लागतील, यात तुम्हाला काय अडचण वाटते? शेवटचा प्रश्न विचाराच. त्यानी जी अडचण सांगितली ती तुमच्या कामाची यादी झाली.

आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी छोटा मेल: आज आपलं असं बोलणं झालं, तुम्ही हे दोन मुद्दे सांगितले, मी इतक्या तारखेपर्यंत हे करते, त्यानंतर आपण रिलीजची तारीख ठरवू. बास. भांडणाचा सूर नको, कुणाला सीसी नको. मॅनेजर बदलतात, हा मुद्दा नीट लक्षात घ्या. माझ्या 14 महिन्यांत मॅनेजर दोनदा बदलला आणि प्रत्येक नवीन माणसाला मी पहिल्यांदाच मागतेय असं वाटलं, कारण माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती.

पायरी 5: स्वतःचा बॅकअप स्वतः तयार करा

सगळ्यात जास्त फरक यानीच पडतो. टीममधला एखादा ज्युनियर निवडा, तुमच्या मॉड्यूलचं डॉक्युमेंट लिहा, रात्रीचे कॉल त्याला घेऊ द्या, क्लायंटच्या कॉलवर त्याला बोलू द्या. दोन-तीन महिन्यांत क्लायंट थेट त्याला मेल करायला लागला की समजा तुमची बेडी सुटली. मॅनेजरच्या 6,400 डॉलरच्या भीतीला एवढं एकच उत्तर आहे.

भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटायची, की आपलं काम दुसऱ्याला येऊ लागलं तर आपल्यालाच काढतील. प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रोजेक्टमध्ये माणसं कमी करायची वेळ आली तर काहीही होऊ शकतं, मी खोटं आश्वासन देणार नाही. पण ज्याच्याशिवाय काम अडतं तो माणूस टिकतो हे जितकं खरं आहे तितकंच तो तिथेच राहतो हेही खरं आहे, वरही जात नाही आणि बाजूलाही नाही. आणि जुनं तंत्रज्ञान सांभाळत एकाच खुर्चीत सात वर्षं बसलेल्या माणसाचा प्रोजेक्ट एक दिवस बंद होतोच, तेव्हा त्याची अवस्था मी बघितलीय. प्रमोशनसाठी सुद्धा हेच चालतं, कारण लीड होण्याची लायकी दाखवायची म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं हे दाखवायचं.

पायरी 6: आयजेपीला अर्ज करण्याआधी एक फोन

पोर्टलवर जागा दिसली की धडाधड अर्ज करतात लोकं. काही जागा खऱ्या असतात, काहींसाठी माणूस आधीच ठरलेला असतो आणि नियम म्हणून पोस्टिंग टाकलेलं असतं. पोस्ट टाकणाऱ्याचं नाव असतं, त्याला चॅटवर सरळ विचारा की जागा अजून ओपन आहे का, बिलेबल आहे का म्हणजे क्लायंट तिचे पैसे देणार का, कधीपासून हवाय. बिलेबल आहे का हा प्रश्न नक्की, नुसती पाइपलाइनमधली जागा असेल तर कॉन्ट्रॅक्ट आलंच नाही असंही होतं.

नव्या मॅनेजरला तुम्ही आवडलात तर त्यालाच सांगा की त्यानी तुमच्या मॅनेजरशी बोलावं. मॅनेजर मॅनेजरचं ऐकतो. आणि मुख्य म्हणजे तुमच्या मॅनेजरला ही गोष्ट तिसऱ्याकडून कळू देऊ नका, नियमात परवानगी लागत नसली तरी. दुखावलेला माणूस 60 दिवसांतले 60 दिवस घेतो आणि फीडबॅकमध्येही काय लिहील सांगता येत नाही.

पायरी 7: पुढचं पक्कं झाल्याशिवाय रिलीज घेऊ नका

आधी तू बाहेर पड, बेंचवर ये (म्हणजे प्रोजेक्टशिवाय नुसता पगारावर बस), मग आरएमजी बघेल, असं कोणी प्रेमानी सांगितलं तरी ऐकू नका. पूर्वी बेंचवर दोन-तीन महिने निवांत जायचे, आता ते दिवस गेले. 2025 च्या जूनमध्ये टीसीएसनी वर्षात किमान 225 दिवस बिलिंगवर आणि बेंच जास्तीत जास्त 35 दिवस असा नियम आणल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या, त्यानंतर जुलैमध्ये 12,000 च्या आसपास माणसं कमी करणार असं पण जाहीर झालं, आणि त्यात मधल्या-वरच्या पातळीवरचे लोक जास्त होते. बाकीच्या कंपन्यांत आकडे वेगळे असतील पण वारं तेच आहे. सिस्टिममध्ये नव्या प्रोजेक्टचं अलोकेशन म्हणजे नेमणूक दिसली, तारीख आली, मग जुन्याची शेवटची तारीख.

निघायच्या आधी जुन्या मॅनेजरकडून त्या वर्षातल्या कामाचा फीडबॅक सिस्टिममध्ये टाकून घ्या. नोव्हेंबरमध्ये प्रोजेक्ट बदलला की मार्चमध्ये रेटिंग देणारा माणूस नवीन असतो, त्यानी तुम्हाला चारच महिने बघितलेलं असतं, आणि त्याच्या स्वतःच्या जुन्या लोकांना चांगलं रेटिंग द्यायचं असतं. मग ट्रान्सफर मिळते आणि वर्षाचं रेटिंग जातं, त्याच्यामागे पुढच्या वर्षीचं प्रमोशन जातं. ट्रान्सफर आणि प्रमोशन एकाच वर्षात दोन्ही मागू नका असं मी म्हणेन, कोणतं जास्त गरजेचं ते ठरवा.

रेटिंग आणि बेल कर्व्ह

मॅनेजरनी दिलेलं रेटिंग आणि तुमच्या हातात पडलेलं रेटिंग यात नॉर्मलायझेशन नावाची पायरी असते. सगळ्या टीम्सची रेटिंग एकत्र करतात आणि वरच्या रेटिंगला ठराविकच टक्के माणसं बसवतात, यालाच बेल कर्व्ह म्हणतात. ही पद्धत गाजली ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात, 20 टक्के वरचे, 70 मधले, 10 खालचे आणि त्या दहांनी जायचं. मायक्रोसॉफ्टनी 2013 मध्ये असली सक्तीची वाटणी बंद केली. आपल्याकडे अनेक ठिकाणी बेल कर्व्ह हा शब्द काढून टाकलाय पण बजेट मर्यादित असलं की वाटणी कुठल्या ना कुठल्या नावानी होतेच.

त्या मीटिंगमध्ये तुम्ही नसता, तुमचा मॅनेजर तुमच्यासाठी जेमतेम एक-दोन मिनिटं बोलतो. त्याला बोलायला काय दिलंत? टीम प्लेयर, हार्डवर्किंग असलं काही तिथे चालत नाही, ते सगळ्यांच्याच नावापुढे असतं. रात्रीच्या बॅचचा वेळ सहा तासांवरून दोन तासांवर आणला, तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या अडचणी) महिन्याला 90 ची 40 झाली, क्लायंटनी अमुक तारखेला मेलवर कौतुक केलं, असं हवं. मी एक साधी फाइल ठेवते, दर शुक्रवारी निघताना दोन ओळी, आणि आकडा असेल तर आकडा. वर्षाच्या शेवटी आठवत बसलात तर शेवटचे दोन महिनेच आठवतात.

आणि स्लॉटच नाही असं सांगितलं तर रडत बसू नका, खरंच नसेल, पिरॅमिडचं वर सांगितलंच. तेव्हा विचारा की अकाउंटमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टवर लीडची जागा उघडतेय. पुष्कळदा प्रमोशनचा रस्ता बाजूच्या प्रोजेक्टमधून जातो.

मुलींसाठी थोडं वेगळं

मॅटर्निटी लीव्ह 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे, आणि रजेवर असताना नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत हे कायद्यातच आहे. तरी प्रत्यक्षात काय होतं, सहा महिने तू नव्हतीस म्हणून मधलं रेटिंग, आणि परत आल्यावर जो प्रोजेक्ट रिकामा असेल तो. रजेवर जायच्या आधी त्या वर्षातल्या कामाचा फीडबॅक लेखी घ्या, आणि परत यायच्या महिना-दीड महिना आधी आरएमजीला स्वतः मेल करा, कोणी तुमची वाट बघत बसलेलं नसतं. माझ्या टीममधल्या दोघींसाठी मी हे आता स्वतः करते, कारण माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

अजून एक. लैंगिक छळाची तक्रार केली असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे चौकशी चालू असताना तिच्या लेखी मागणीवरून कंपनीची समिती तिची किंवा ज्याच्यावर तक्रार आहे त्याची बदली सुचवू शकते, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायला सुचवू शकते. अशा वेळी मॅनेजरच्या रिलीजची वाट बघायची गरज नाही. समितीकडे लेखी मागा.

तरीही अडलं तर

क्रम असा ठेवा: मॅनेजर, मग मॅनेजरचा मॅनेजर, मग एचआर. स्किप लेव्हल मीटिंगमध्ये, म्हणजे मॅनेजरच्या मॅनेजरसमोर, आधीचे मेल दाखवून शांतपणे सांगायचं की अमुक तारखेला मागितलं, बॅकअप तयार आहे, पॉलिसीप्रमाणे इतके दिवस झालेत, मला तारीख हवीय. तारीख मागायची, न्याय मागत बसायचं नाही. घरचं आजारपण असेल तर कागद जोडा, बऱ्याच कंपन्यांत मेडिकल ग्राउंडवर ट्रान्सफरचा वेगळा रस्ता असतो आणि तो लवकर हलतो. मला तो असतो हेच माहीत नव्हतं.

राजीनाम्याची धमकी हातात ऑफर असल्याशिवाय देऊ नका, आणि खरंच जायचं नसेल तर देऊच नका. नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी 90 दिवस, त्यात तुम्ही राहिलात तरी प्रमोशनच्या यादीत हा जाणारा माणूस म्हणून खूण होते. पण वर्षभर सगळं रीतसर करून, लेखी मागून, बॅकअप उभा करूनही नुसतं नेक्स्ट क्वार्टर ऐकू येत असेल तर बाहेर बघा, मनात अपराधी वाटून घेऊ नका.

जाताना कागद

स्वतःच्या विनंतीवर लोकेशन बदललं तर रिलोकेशन अलाउन्स बहुधा मिळत नाही, त्यामुळे डिपॉझिट आणि सामानाचा खर्च धरून ठेवा. बेस लोकेशन बदलल्याचं पत्र घ्या, नुसतं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायला सांगितलं आणि रेकॉर्डवर हैदराबाद राहिलं तर पुढच्या रिटर्न टू ऑफिसच्या फतव्याला परत जावं लागतं, असं झालेले लोक आहेत.

ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत किंवा सब्सिडियरीत पाठवत असतील तर नीट वाचा, तिथे आधी राजीनामा आणि मग नवीन ऑफर लेटर असतं का. पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, चार वर्षांची नोकरी झालेली असताना मोजणी परत शून्यापासून सुरू होऊ नये म्हणून जुनी सर्व्हिस धरली जाईल असं नव्या पत्रात लिहून घ्या. पीएफचा यूएएन म्हणजे तुमचा कायमचा नंबर तोच राहतो पण मेंबर आयडी नवीन येतो, तर जुना बॅलन्स ट्रान्सफर करायची रिक्वेस्ट पहिल्याच महिन्यात टाका. आणि शेवटच्या दिवशी जुन्या टीममधल्या ज्या पोरानी तुमचं काम उचललं त्याच्या नावानी मॅनेजरला एक कौतुकाचा मेल पाठवा, पुढच्या वर्षी त्याला पण कुठेतरी जायचं असेल.